लग्नाचे विरुद्ध सडे

आमच्या गावची टीम यंदा चांगली आहे की वाईट, हे मला सिझन सुरू होईपर्यंत कळलं नाही. तसं मला क्रिकेटमधलं बरंच कळतं. ऑफिसात पुरुष मंडळी मॅचवर बोलायला लागली की मी मध्ये तोंड घालते आणि ती गप्प बसतात, इतकं कळतं. पण दिवाळी संपल्यानंतरच्या चार रविवारी माझं डोकं चालेनासं होतं. त्याला कारण आमच्या गावची सरावाची पद्धत.

गाव म्हणजे माझं माहेर, उरणच्या अलीकडे. भात कापून झालं की मधली दोन-तीन शेतं एक करतात, धसकटं काढून रोलर फिरवतात आणि तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं, ते थेट मे महिन्यापर्यंत. गावागावांच्या टूर्नामेंट, माइकवर कॉमेंट्री, येऊ न शकणाऱ्यांसाठी फोनवर लाइव्ह. पण त्याआधी चार रविवार गावातल्या गावात दोन टीम पाडून मॅच होतात. एका बाजूला लग्न झालेले, त्यांना म्हणायचं लग्नाचे, आणि दुसऱ्या बाजूला सडे, म्हणजे ज्यांचं अजून लग्न झालेलं नाही ते. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच चालू आहे. या चार मॅच बघून कॅप्टन आणि गावातले दोन जाणते अकरा जण निवडतात. चौथ्या रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या देवळात नावं वाचतात, नारळ फोडतात आणि टी-शर्ट वाटतात.

आता बघणाऱ्याने काय करायचं, सांगा. सिक्सर बसला म्हणून खूश व्हावं, तर मार खाल्लेला बॉलरही आपलाच. विकेट पडली म्हणून उड्या माराव्यात, तर आउट झालेला आपला भरवशाचा ओपनर. पहिल्या रविवारी सड्यांनी सहा ओव्हरमध्ये ऐंशीच्या वर रन केले. मी घरी येताना आनंदात होते की यंदा बॅटिंग जबरदस्त आहे. पाम बीच रोडला लागेपर्यंत मला घाम फुटला. ऐंशी दिले कोणी? आपल्याच बॉलरांनी. दुसऱ्या रविवारी लग्नाचे चाळिसात गुंडाळले. म्हणजे बॉलिंग सुधारली का बॅटिंग झोपली? मी बांधावर शेजारी बसणाऱ्या काकींना विचारलं. काकींचं मासळीचं दुकान सकाळीच आटपतं, मग त्या दिवसभर मोकळ्या. त्या म्हणाल्या, “बॉल लांब गेला का टाल्या वाजवाच्या. आपल्याला काय कराचा हाय?” त्यांचं सगळं सोपं होतं. मला ते जमेना.

त्यात भर म्हणजे याच दिवसांत तुळशीची लग्नं लागतात आणि मागोमाग माणसांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये आमच्या ओपनरचं लग्न झालं. हळदीला अख्खी टीम रात्रभर नाचली. तिसऱ्या रविवारी तो पायांना लागलेल्या हळदीसकट लग्नाच्या बाजूने उतरला आणि पहिल्याच बॉलवर दांडी गुल. आधीच्या दोन रविवारी त्याने सड्यांसाठी केलेले रन आता कुठल्या बाजूचे धरायचे, यावर बांधावर अर्धा तास वाद झाला. आणखी एकाचा साखरपुडा झालेला होता. कॅप्टनने निकाल दिला, “हलद लागली का लग्नाचा. तोवर सडा.” मी घरी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही बाजूंची नावं लिहून ठेवली होती, ती खोडून पुन्हा लिहिली. मग ते पानच फाडलं.

पण हे सगळं वरवरचं. माझं खरं डोकं फिरलं होतं ते एका जागेवरून.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं आमच्या टीमची शेवटची ओव्हर टाकतो. तो बंदरात क्रेन चालवतो, वय त्रेचाळीस, पोट थोडं सुटलंय, गुडघा बोलायला लागलाय. पण समोरच्याला सहा बॉलमध्ये दहा हवे असले की गावातला कोणीही माणूस त्याच्याकडेच बॉल देईल. त्याच्याकडे एक हळू बॉल आहे. धाव तीच, हात तोच, आणि बॉल मात्र येता येत नाही. बॅट आधी फिरते, बॉल मागाहून येऊन स्टंपात बसतो. त्या बॉलवर आम्ही किती मॅच काढल्या, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. एकदा फायनलला एका रनने हरलो, तेव्हा ती ओव्हर त्याची नव्हती, दुसऱ्याची होती. हे मी आजही येईल त्याला ऐकवते.

आणि दुसरा माझा मुलगा. मी ऑफिसातच लग्न जमवलं. नवरा घाटावरचा, बिऱ्हाड सानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा सांभाळत क्रिकेट शिकला. दोन वर्षांमागे त्याला द्रोणागिरीच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी लागली आणि ड्युटी सुटली की तो आजोळच्या पोरांबरोबर खेळायला लागला. बॉलिंग तिखट टाकतो, शेवटी येऊन दोन-चार फटके मारतो. पण टीममध्ये त्याला घेता येत नव्हतं. गाववार टूर्नामेंटचा नियमच असा की खेळाडू त्याच गावचा पाहिजे, मतदार यादीत नाव पाहिजे, बाहेरचा चालत नाही. यंदा मात्र सगळ्या गावांनी बसून ठरवलं की प्रत्येक टीमला एक भाचा, म्हणजे गावच्या लेकीचा मुलगा, चालेल.

एक भाचा. दहा जण ठरल्यासारखे होते. शेवटच्या ओव्हरच्या बॉलरची एकच जागा होती. तिथे मामा किंवा भाचा.

मला आधी वाटलं, वा, घरातल्या घरात! कोणीही आलं तरी आपलंच. नवऱ्यानेही हेच सांगितलं आणि पेपर उघडला. पण बांधावर बसल्यावर तसं होत नाही. भाऊ लग्नाच्या बाजूने, मुलगा सड्यांच्या. भावाने विकेट काढली की माझ्या तोंडून “अस्सा!” निघायचं आणि लगेच वाटायचं, अरे, मग पोराचं काय? पोराने विकेट काढली की छाती फुगायची आणि नजर पटकन भावाकडे जायची, त्याने बघितलं का म्हणून. तो बघत असायचा. तो माझ्याकडे पहिल्यापासून बघतो. तरुण होता तेव्हा विकेट काढली की आधी बांधाकडे हात करायचा, मग पोरांच्या टाळ्या घ्यायचा. माझं लग्न झाल्यावर मी दर रविवारी येऊ लागले ती मुळात त्याच्यासाठीच.

मी त्या दिवसांत कुणासारखी वागत होते, ते मलाच कळेना. सोमवारी ऑफिसात बसून विचार करायचे की भावाचा गुडघा दुखतोय, त्याने आता थांबावं, मानाने थांबावं. मंगळवारी वाटायचं, पोरगा एकवीस वर्षांचा आहे, अजून दहा वर्षं खेळेल, यंदा थांबला तर काय बिघडलं? शेजारणीने विचारलं, “टेन्शनमध्ये दिसता?” मी म्हटलं, मुलाचं सिलेक्शन आहे. तिला वाटलं बँकेची परीक्षा. मी तसंच वाटू दिलं.

तिसऱ्या रविवारनंतरचा बुधवार. मी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होते. मुलगा ओट्याला टेकून फोन बघत उभा होता. एकदम म्हणाला, “आई, मामाचा तो स्लो बॉल पकडताच येत नाय यार. मी तीनदा फसलो. हात सेम, रनअप सेम. कोणालाच नाय कळत.”

मला हसू आलं. “तुम्हाला नाही कळणार. मला कळतो.”

“कसा?”

आणि मी सांगितलं. लहानपणी भाऊ एका हातात काही लपवून आणायचा, कैरी म्हणा, बोरं म्हणा, तेव्हा रिकाम्या हाताची मूठ आपोआप आवळायचा. आई त्याचा भरलेला हात शोधत बसायची. मी रिकामा हात बघायचे आणि ओळखायचे. ती सवय गेलीच नाही. हळू बॉल टाकायचा असला की धावत येताना त्याचा डावा हात मुठीत वळतो. जोराचा टाकायचा असला तर बोटं सुटी. वीस वर्षं मी बांधावरून तो हात बघते आणि बॉल पडायच्या आधीच मनात म्हणते, आला हळू. ही माझी एकटीची मजा होती. काकींनाही मी कधी सांगितली नव्हती.

“सही आहे,” मुलगा म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये गेला. मी कोळंबी धुतली.

मी ते का सांगितलं? नंतर हजारदा स्वतःला विचारलं. फुशारकी मारायची होती, हे तर उघड आहे. मला क्रिकेट किती कळतं हे पोराला दाखवायची संधी कोण सोडतं? पण तेवढंच होतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पोरगा तोंड पाडून उभा होता आणि मी आई होते. आणि तरीही शपथेवर सांगते, रविवारी तो ते वापरेल असं त्या वेळी मनात आलं नव्हतं. आलं नव्हतंच, की येऊ दिलं नव्हतं? इथे येऊन माझं डोकं अडकतं ते आजपर्यंत.

चौथ्या रविवारी लग्नाचे आधी खेळले, सत्तरच्या आसपास गेले. सड्यांचे सहा बॉलमध्ये अठरा हवेत अशी वेळ आली. बॉल भावाकडे. स्ट्राइकवर माझा मुलगा. बांधावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. काकींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, “आता कोनाला पावशील ग?”

पहिला बॉल जोराचा. बोटं सुटी. मुलाने बॅट फिरवली, लागला नाही.

दुसऱ्या बॉलला भाऊ धावायला लागला आणि मी सवयीने त्याचा डावा हात बघितला. मूठ वळलेली. मी मनात म्हटलं, आला हळू. आणि त्याच क्षणी बघितलं तर मुलगा मागे सरून थांबलेला. वाट बघत होता. बॉल आला, टप्पा पडला आणि त्याने तो उचलून शेतापलीकडच्या गोडाऊनच्या पत्र्यावर घातला. केवढा आवाज झाला! सगळा बांध उठला. मीही उठले. माझे हात वाजले. ते मी वाजवले असं म्हणता येणार नाही, पण हात माझेच होते.

भाऊ बॉल येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पत्र्याकडे बघितलं नाही. बांधाकडे बघितलं.

तिसरा बॉल. मूठ वळलेली. मी मनात म्हटलं, अरे वेड्या, परत कशाला? मुलाने पुन्हा तसाच मारला. शेजारच्या बायका माझं नाव घेऊन ओरडत होत्या, मला हलवत होत्या, आणि मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. थोड्या कमी, पण वाजवल्या. भावाने पुन्हा बांधाकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, उन्हामुळे डोळे बारीक केलेत.

चौथ्या बॉललाही मूठ. तेव्हा मात्र मला सगळं एकदम कळलं, म्हणजे मी काय करून बसले ते. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून बसले. बॉल पत्र्यावर गेला. सड्यांनी मॅच जिंकली, पोरांनी माझ्या मुलाला खांद्यावर घेतलं. भाऊ वाकून बुटाची लेस बांधत होता.

संध्याकाळी देवळात नावं वाचली. माझ्या मुलाचं अकरावं. भावाचं नव्हतं. कॅप्टनने त्याच्या पाया पडून माफी मागितल्यासारखं केलं, भावाने त्याला उठवून पाठ थोपटली. मग भाच्याला जवळ ओढून टी-शर्ट स्वतःच्या हाताने अंगात घातला आणि म्हणाला, “शेवटची ओव्हर टाकताना बांधाकरं बगू नको.” सगळे हसले. मला हसताही येईना आणि रडताही. मी प्रसादाचं खोबरं हातात धरून उभी होते. पोरासाठी जीव सुपाएवढा झाला होता आणि भावाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, दोन्ही एकाच वेळी. परतताना मुलाने बाइक चालवताना विचारलं, “आई, खूश ना?” मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते.

त्या आठवड्यात मी भावाला तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा दुसरंच बोलले. एकदा गुडघ्याच्या तेलाचं, एकदा वहिनीच्या पापलेटांचं, एकदा नुसतंच “सहज”. तो नेहमीसारखा बोलला. त्यामुळे मी अजूनच गोंधळले. त्याला कळलंय की नाही? कळलं असेल तर तो चिडत का नाही? आणि कळलं नसेल तर एकाच ओव्हरमध्ये तोच बॉल तीनदा का टाकला? वीस वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं. एकदा मार खाल्ला की तो बॉल खिशात ठेवणारा माणूस.

पुढच्या रविवारी सिझनची पहिली मॅच होती, शेजारच्या गावाशी, आमच्याच मैदानात. भाऊ खेळाडूंच्या मंडपात बसेल असं वाटलं होतं. तो आला आणि बांधावर माझ्या शेजारी बसला. काकी सरकल्या. बायकांत बसलेला तो एकटा पुरुष. आमची बॅटिंग आधी होती. नवरदेव ओपनर चांगला खेळला, यंदाची टीम बरी असावी असं मला पहिल्यांदाच वाटलं. मग शेजारच्या गावाची बॅटिंग. पाच ओव्हर झाल्या. शेवटच्या ओव्हरला बारा हवे होते आणि कॅप्टनने बॉल माझ्या मुलाच्या हातात दिला.

मला राहवेना. मी मैदानाकडेच बघत म्हटलं, “त्याला मीच सांगितला व्हता. तुजी मूठ.”

“मना म्हाईत हाय,” भाऊ म्हणाला. “पयला सिक्सर बसला तवाच कलला. तुज्याबिगर कोनाला म्हाईत नव्हता.”

“मंग परत तोच कनाला टाकलास?”

मुलगा बॉल हातात घोळवत रनअपच्या टोकाकडे चालला होता. भावाने त्याच्यावरून नजर काढली नाही.

“तू टाल्या वाजवतंस का ते बगाचा व्हता. पयल्याला वाजवल्यास. मना वाटला, चुकून वाजल्या. म्हनून अजून एक टाकला.”

“तिसऱ्या सिक्सरला नाय वाजवल्या,” मी म्हटलं. “हात दाबून धरले व्हते, काकीला विचार.”

मैदानावर पोराने धावायला सुरुवात केली. बांध उठला. आम्ही दोघं बसून राहिलो.

“तिसऱ्याला मी बगलाच नाय,” भाऊ म्हणाला. “तिसरा त्याला देऊन टाकला.”